गाजर, मिक्सर आणि मी

आमच्या स्वयंपाकघरात एक मिक्सर आहे. तो विकत आणलेला नाही, हप्त्यावर घेतलेला नाही आणि लग्नात आहेर म्हणूनही आलेला नाही. तो मी मिळवलेला आहे. शाळेत असताना मला कधी साधी कंपासपेटीसुद्धा बक्षीस मिळाली नव्हती. बी.कॉम.ला मी दुसऱ्या वर्गाच्या काठाकाठाने पास झालो. त्यामुळे माणसानं आयुष्यात काय मिळवलं, असा प्रश्न कुणी विचारलाच तर मला स्वयंपाकघराकडे बोट दाखवावं लागतं. आणि गंमत अशी, की तेवढं एकच बोट मला कधी ताठ करता येत नाही.

गेल्या रविवारी मेहुणा आला. हा औषधाच्या एका कंपनीत बारा वर्षं बॅग उचलून डॉक्टरांच्या दाराशी बसत होता. आता त्याला बढती मिळून त्याच्या हाताखाली आठ पोरं आली आहेत. आला तोच एक फाईल घेऊन आला आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही कॉमर्सवाले. मला एक इन्सेन्टिव्ह स्कीम बनवून द्या. पोरं पेटून उठली पाहिजेत."

पोरं पेटवण्याचं शास्त्र बी.कॉम.ला नव्हतं. आम्हाला होतं ते जमा आणि नावे. पण बहिणीच्या नवऱ्याला मेहुण्यानं काही विचारावं, असे प्रसंग संसारात फार येत नाहीत, म्हणून मी चष्मा लावला आणि गंभीर झालो. फाईल उघडण्याआधी मी त्याला म्हटलं, "पहिल्यांदा मला सांग, माणूस काम का करतो?"

"पगारासाठी," मेहुणा म्हणाला.

"मग पगार तर देताच. आणखी स्कीम कशाला?"

मेहुणा गप्प झाला. मीही गप्प झालो, कारण याचं उत्तर मलाही येत नव्हतं.

या प्रश्नावर जगात मुळात दोन पंथ आहेत. पहिला पंथ हेड ऑफिसचा. त्याच्या मते माणूस म्हणजे गाढव. समोर गाजर धरलं की चालतं, मागून काठी मारली की पळतं, आणि दोन्ही काढून घेतलं की झाडाखाली उभं राहून कान हलवतं. दुसरा पंथ आमच्या युनियनचा. त्याच्या मते माणूस म्हणजे संत. त्याला योग्य पगार, योग्य पंखा आणि वेळेवर चहा मिळाला की तो आपोआप निष्काम कर्म करू लागतो. सतरा-अठरा वर्षं काउंटरच्या मागे काढल्यावर माझं मत असं, की दोन्ही पंथांनी सकाळी अकरा वाजता आमच्या शाखेत येऊन बसावं. गाढव आणि संत एकाच खुर्चीत बसलेले दिसतील. खुर्ची बहुधा माझीच असेल.

मेहुण्याला मी मिक्सरची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो.

२०१३ सालचा मार्च महिना. मार्चमध्ये बँकेत काय होतं हे बँकवाल्याच्या बायकोला विचारावं. त्या वर्षी वरून सर्क्युलर आलं: शाखेनं चाळीस विमा पॉलिसी करायच्या. पॉलिसी विकायचा परवाना आमच्याकडे एका ऑफिसरापाशी. आम्ही क्लार्कांनी गिऱ्हाईक फक्त त्याच्या टेबलापर्यंत आणायचं. ज्यानं तीन गिऱ्हाइकं आणली त्याला मिक्सर. दहा आणली तर जोडीनं गोवा. आणि शाखेचे चाळीस पुरे झाले तर मॅनेजरसाहेबांना बँकॉक. मॅनेजरसाहेब तोपर्यंत कधी कराडच्या पलीकडे फारसे गेलेले नव्हते. सर्क्युलर आलं त्या दिवसापासून त्यांनी पासपोर्टची चौकशी सुरू केली.

माझी पहिली पॉलिसी मी माझ्याच गळ्यात बांधली. वर्षाला बारा हजार, दहा वर्षं. दुसरी याच मेहुण्याच्या गळ्यात. "दाजी सांगताहेत म्हणजे चांगलंच असणार," असं म्हणून त्यानं सही केली होती. (हे सांगताना मी त्याच्याकडे बघितलं नाही.) तिसरी काही मिळेना. २८ मार्च उजाडला. आणि त्या दिवशी बाई आल्या.

बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. पेन्शन आमच्याकडे. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे त्या सगळ्यांना 'अरे' म्हणत. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो तरी मलाही. माझ्या हातची स्लिप पाहिली की "'पन्नास'मधला एक 'न' कुठं गेला रे?" असं विचारत. त्या दिवशी त्यांची पन्नास हजारांची मुदत ठेव संपली होती, ती पुन्हा ठेवायला आल्या होत्या.

मी म्हणालो, "बाई, या वेळी दुसऱ्या एका योजनेत ठेवू या का? विमाही होतो आणि पैसेही वाढतात."

"चांगली आहे का रे?"

"चांगली आहे."

"मग कर. तू काय वाईट सांगणारेस होय!"

त्यांना मी परवानावाल्या टेबलाशी नेऊन बसवलं. त्यांनी सात ठिकाणी सह्या केल्या, प्रत्येक सही मोत्यासारखी. आता नीट लक्ष द्या. मी एकही शब्द खोटा बोललो नाही. विमा होता, खरं. पैसे वाढत होते, थोडे का होईना, तेही खरं. फक्त एक गोष्ट मी बोललो नाही: की हे पन्नास हजार दर वर्षी भरायचे आहेत आणि असे दहा वर्षं भरायचे आहेत. ते परवानावाला सांगेल असं मी धरून चाललो. आणि मी सांगितलंच असेल असं तो धरून चालला. दोघांनी मिळून जे धरलं ते बाईंच्या पदरात पडलं. धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चालायचा आणि अश्वत्थाम्याच्या वेळी एक अर्धवट वाक्य बोलल्याबरोबर खाली टेकला. माझी स्कूटर आधीपासूनच जमिनीवर होती, म्हणून मला तेव्हा काही जाणवलं नाही.

एरवी हेड ऑफिसकडून साधा स्टेपलर यायला सहा महिने लागतात. मिक्सर आठ दिवसांत आला. ६ एप्रिलला शाखेत छोटा समारंभ झाला, माझ्या गळ्यात हार पडला, हातात मिक्सर पडला. पाडवा तोंडावर होता. हिनं मिक्सरला हळदकुंकू वाहिलं, पहिली खोबऱ्याची चटणी वाटली आणि शेजारी वाटीभर पाठवून दिली. "बँकेनं दिला, यांचं काम बघून," असं ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं. चटणी उत्तम झाली होती.

१५ एप्रिलला बाई काउंटरशी आल्या. हातात लांब पाकीट होतं. "अरे, हे इंग्रजीत आहे. सगळं वाचलं मी, एवढंच कळलं नाही. इथं दहा लिहिलंय. हे दहा काय?"

आता मला तुम्हाला असं सांगायला फार आवडलं असतं, की त्या क्षणी माझ्यातला प्रामाणिक माणूस खडबडून जागा झाला. तसं काही झालं नाही. माझ्या डोक्यात आधी आला तो मिक्सर, मग मॅनेजरसाहेबांचा पासपोर्ट, मग हिची शेजारीण. शाखेचे बरोबर चाळीस झाले होते, एकही जास्त नाही. पण बाई समोर उभ्या होत्या आणि त्यांनी प्रश्न सरळ विचारला होता; वर्गात विचारतात तसा. मला तोंडातून दुसरं काही काढताच येईना. मी म्हणालो, "बाई, हे दहा म्हणजे दहा वर्षं. दर वर्षी पन्नास हजार."

बाईंनी पाकीट खाली ठेवलं. "माझी पेन्शन तुझ्याच हातून जाते ना रे?" एवढंच म्हणाल्या.

विम्यात एक चांगला नियम होता आणि आहे. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ठरावीक दिवसांत ती परत करता येते, किरकोळ रक्कम कापून पैसे परत मिळतात. त्या वेळी ही मुदत पंधरा दिवसांची होती, २०२४ पासून ती तीस दिवसांची झाली. बाईंना कागद मिळून सात दिवस झाले होते. अर्ज मी लिहिला, 'पन्नास'मधले दोन्ही 'न' मोजून घातले. शाखेचे एकोणचाळीस झाले. मॅनेजरसाहेब बँकॉकला गेले नाहीत. पुढे वर्षभर ते माझ्या रजेच्या अर्जाकडे ज्या नजरेनं बघत, तिच्यात मला थायलंडचा समुद्र दिसायचा.

मिक्सर परत करायला मी स्वतः गेलो. पण हेड ऑफिसमध्ये बक्षीस देण्याचं खातं आहे, परत घेण्याचं नाही. मला पत्र आलं, की सदर वस्तू खर्ची टाकण्यात आली असल्याने ती परत स्वीकारण्याची तरतूद नाही. तेव्हा मिक्सर राहिला.

मेहुणा म्हणाला, "दाजी, पण शेवटी तुम्ही खरं सांगितलंत ना?"

माझं दुखणं तिथंच आहे. बाईंनी विचारलं म्हणून सांगितलं. नसतं विचारलं तर? पाकीट न फोडता कपाटात ठेवलं असतं तर? मी स्वतः त्यांच्या घरी गेलो असतो का? मी माणूस वाईट नाही. पासबुकात कुणाचा एक रुपया चुकला तर मी रात्री उठून बसतो. त्याच मला २,८०० रुपयांच्या मिक्सरनं पाच लाखांची एक ओळ गिळायला लावली. आता यात दोष कुणाचा? योजनेचा म्हणावा तर योजनेनं माझं तोंड धरलं नव्हतं. माझा म्हणावा तर योजना नसती तर मी बाईंची ठेव मुकाट्यानं पुन्हा ठेवली असती आणि चहाला गेलो असतो.

मग मी वाचायला लागलो. आपल्यासारखे गुन्हेगार आणखी कुठे आहेत हे शोधण्यात माणसाला मोठा दिलासा असतो. तो मला भरपूर मिळाला.

१९०२ साली हनोईत फ्रेंचांचं राज्य होतं. शहरात उंदीर फार झाले, प्लेगाची भीती. सरकारनं जाहीर केलं, उंदीर मारा, शेपूट आणून दाखवा, पैसे न्या. शेपट्यांचा ढीग लागला. मग साहेबांना गटारांतून बिनशेपटीचे उंदीर फिरताना दिसायला लागले. लोक शेपूट तोडून उंदीर सोडून देत होते, कारण उंदीर जगला तर त्याला पिल्लं होणार आणि पिल्लांना शेपट्या असणार! शहराबाहेर उंदीर पाळणारेही सापडले. सरकारला हवे होते मेलेले उंदीर, पैसे दिले शेपटीचे. लोकांनी शेपट्या दिल्या.

हे जुनं झालं म्हणाल, तर अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक घ्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला बँकेच्या आठ गोष्टी विकायच्या असा तिथं घोष होता. आठच का, तर इंग्रजीत 'एट'चं 'ग्रेट'शी यमक जुळतं म्हणून. यमकासाठी कवी काहीही करतात हे ठाऊक होतं. बँकही करते हे नवीन होतं. टार्गेट गाठता येईना तेव्हा कर्मचाऱ्यांनी गिऱ्हाइकांना न विचारताच खाती उघडली. २०१६ साली प्रकरण बाहेर आलं तेव्हा १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि कळलं, की काही वर्षांत मिळून सुमारे ५,३०० जणांना कामावरून काढलं होतं. पुढच्या वर्षी बँकेनंच अशा संशयित खात्यांचा आकडा ३५ लाखांवर नेला. ५,३०० माणसं एकदम जन्मजात लबाड कशी निघतील? त्यातही बरेचजण पासबुकातल्या एका रुपयासाठी रात्री उठून बसणारे असतील.

आपल्याकडे २०१४ साली जनधनची खाती उघडली तेव्हा वर विचारणा व्हायची, शून्य शिलकीची खाती किती? तो आकडा कमी दिसावा म्हणून काही ठिकाणी बँकेच्याच लोकांनी खात्यांत एक-एक रुपया भरला, हे २०१६ साली वर्तमानपत्रांत आलं. वाचून सारा देश हसला. मी हसलो नाही. साहेब 'शून्य किती?' असं विचारतात तेव्हा खिशातला रुपया कसा सळसळतो, हे मला ठाऊक आहे.

मेहुणा खाली मान घालून बसला होता. मी म्हटलं, "तुमच्यात काय चालतं?" तेव्हा त्यानं तोंड उघडलं. महिनाअखेर आली, की टार्गेटसाठी स्टॉकिस्टच्या गोडाऊनमध्ये खोकी लोटायची. कंपनीच्या कागदावर विक्री झाली, पोराला इन्सेन्टिव्ह मिळाला. स्टॉकिस्टच्या गोडाऊनमधून ती खोकी केमिस्टकडे गेलीच नाहीत, तर यथावकाश एक्स्पायरी म्हणून परत. एकदा भर मे महिन्यात यानं खोकल्याचं औषध इतकं खपवलं होतं, की कागद बघणाऱ्याला वाटावं, अख्ख्या जिल्ह्याला डांग्या खोकला झाला आहे. त्या वर्षी त्याला चांदीची वाटी मिळाली. आमच्या भाच्याचं उष्टावण त्याच वाटीनं झालं. म्हणजे घराण्यात मी एकटा नाही.

"मग काय, स्कीमच नको?" मेहुणा वैतागून म्हणाला.

इथं मला बाईंचीच एक गोष्ट आठवली. त्या प्रकरणानंतर बाई माझ्याशी बोलायच्या बंद होतील असं मला वाटलं होतं. पण जन्मभर मुलांना माफ करण्याची सवय. त्या येत राहिल्या. एकदा म्हणाल्या, "नोकरी लागली तेव्हा मीही करायची हो हे. पाढा म्हणून दाखवला की लिमलेटची गोळी. महिनाभर वर्ग दणाणला. मग पोरं आधी विचारायला लागली, बाई, गोळी आहे का? नाही म्हटलं की पाढा येत नाही! बंद केलं. मग कुणी चांगलं म्हटलं तर पाठीवर थाप द्यायची, आणि कधीतरी, न सांगता, गोळी."

मी पुढे वाचलं, तर हेच अमेरिकेत स्टॅनफर्डला १९७३ साली तपासून पाहिलेलं निघालं. लहान मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला आवडतं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं चित्रांकडे इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ वळत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. बाईंनी लिमलेटच्या गोळ्यांवर जे शोधून काढलं त्यासाठी तिकडे विद्यापीठ लागलं.

पण लगेच हुरळून जाऊ नये. चित्र काढायला मुलांना मुळात आवडतं. खोकल्याचं औषध घेऊन उन्हात चौथ्या मजल्यावर चढायला कुणालाही मुळात आवडत नाही. तिथं नुसती पाठीवर थाप देऊन चालणार नाही. पैसा दिलाच पाहिजे, आणि जास्त राबणाऱ्याला जास्त दिला पाहिजे. नाहीतर राबणाऱ्यावर अन्याय होतो. हा अन्याय मी जवळून पाहिला आहे, कारण तो बहुतेक वेळा माझ्या सोयीचा असतो. बँक कर्मचाऱ्यांच्या नोव्हेंबर २०२० च्या करारात सरकारी बँकांसाठी आली ती योजना अशी: बँकेचा कामकाजाचा नफा वर्षात पाच ते दहा टक्के वाढला तर सर्वांना पाच दिवसांचा पगार, पंधरा टक्क्यांपर्यंत दहा दिवसांचा, त्याहून जास्त तर पंधरा दिवसांचा. सगळ्यांना सारखे दिवस. यात कुणी कुणाचं गिऱ्हाईक पळवत नाही, कुणी बाईंना टेबलाशी नेत नाही. फार सुंदर योजना. दोष एवढाच, की माझ्या चहाच्या कपांनी देशातल्या एवढ्या मोठ्या बँकेचा नफा कमीही होत नाही आणि मी चहा सोडल्यानं वाढतही नाही. तेव्हा मी चहा पितो.

शेवटी मी कागद घेतला आणि मेहुण्याला स्कीम लिहून दिली. सगळी एका कागदावर. कारण योजना समजावून सांगायला ज्याला सभा घ्यावी लागते, तिच्यातून पळवाट काढायला पोरांना एक रात्र पुरते.

पहिलं कलम: शेपटी मोजू नये, उंदीर मोजावा. स्टॉकिस्टकडे किती खोकी गेली यावर पैसे नाहीत. केमिस्टकडे किती गेली यावर. परत आलेला माल वजा.

दुसरं: तीनला मिक्सर, दहाला गोवा असे उंच कठडे बांधू नयेत. दोन पॉलिसीवाला तिसरीसाठी बाईंना विकतो, आणि तीनवाल्याला दहा दिसत नाहीत, तो पंखा लावून झोपतो. पायऱ्या नकोत, उतार हवा. जेवढं विकलं तेवढ्याचं, प्रत्येक खोक्यामागे सारखं.

तिसरं: निम्मे पैसे आत्ता, निम्मे सहा महिन्यांनी, माल खरंच खपल्यावर. माझ्या पॉलिसीत पहिल्या हप्त्यालाच मिक्सर न देता दुसरा हप्ता भरला गेल्यावर दिला असता, तर बाईंना दहाचा अर्थ मीच आधी फळ्यावर लिहून दाखवला असता.

चौथं: पहिला नंबर एकालाच, असं नको. त्यात एकाचा सत्कार होतो आणि सातजण त्याच्या स्कूटरची हवा सोडतात. थोडा भाग सगळ्यांचा मिळून असावा.

पाचवं: कधीतरी, न सांगता, लिमलेटची गोळी.

आणि सहावं, ज्यावर मी फार वेळ घालवला. योजना अशी असावी की ती गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवता येईल. मला दुसरी कसोटी सापडत नाही. त्या दिवशी मी बाईंना एवढंच म्हणायचं होतं, 'बाई, तुम्ही इथं सही केलीत तर मला मिक्सर मिळतो.' मग ती योजना चांगली की वाईट याचा विचार मला करावाच लागला नसता; बाईंनी केला असता. जे बक्षीस गिऱ्हाइकापासून लपवावंसं वाटतं, त्याची किंमत गिऱ्हाईकच भरत असतं, हे मी बी.कॉम. असून मला फार उशिरा कळलं.

खरं म्हणजे मिक्सरचं मी बाईंना नंतर सांगून टाकलं होतं. वर्ष-दीड वर्ष पोटात ठेवलं आणि एक दिवस पासबुक भरता भरता बोलून गेलो. बाई हसल्याच. म्हणाल्या, "मेल्या, आधी सांगायचंस! मीच घेऊन दिला असता तुला मिक्सर. मला स्वस्त पडला असता."

मेहुण्यानं कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, "दाजी, सगळं पटतं. पण निम्मे पैसे सहा महिन्यांनी म्हटलं, तर पोरं शेजारच्या कंपनीत जातील. ते महिन्याच्या महिन्याला देतात. वर स्पर्धेत पहिला येणाऱ्याला मोटरसायकल."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सज्जन योजना करणाऱ्याची पोरं मोटरसायकलवाल्याकडे जातात, हे मी कागदावर कुठं लिहिणार? मी म्हटलं, "मग परत आलेला माल वजा करायचं तेवढं तरी ठेव." तो म्हणाला, "तेवढं ठेवतो. साहेब ओरडतील, पण ठेवतो." त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि जरा वेळानं म्हणाला, "माझ्या त्या पॉलिसीचं काय झालं हो शेवटी?"

त्याच्या आणि माझ्या, दोन्ही पॉलिसी २०२३ साली पिकल्या. मी दहा वर्षांत एक लाख वीस हजार भरले होते, एक लाख बावन्न हजार मिळाले. बी.कॉम. असल्यामुळे मला व्याजाचा दर काढता आला. काढायला नको होता. सव्वाचार टक्के पडला. त्या दहा वर्षांत आमचीच बँक काउंटरवर ठेवीला त्याहून जास्त देत होती, आणि त्या काउंटरवर मीच बसलेला होतो. मधल्या काळात विम्याचं छत्र होतं, हे मान्य केलं पाहिजे. मध्येच मेलो असतो तर फायद्यात राहिलो असतो. पण तसं काही साधलं नाही.

हे सगळं मी मेहुण्याला सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात स्वयंपाकघरात हिनं त्याच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी वाटायला घेतली, आणि मिक्सर जुना झाल्यामुळे हल्ली त्याचा आवाज फार होतो. मेहुणा काहीतरी विचारत होता आणि मी कानाला हात लावून बसलो होतो. मिक्सर थांबला. मेहुण्यानं पुन्हा विचारलं. या वेळी मी सांगितलं.